सूर्यफूल इतक्या देशांत पिकतं, मग तेलाचा भाव एकाच समुद्रावर का ठरतो?

प्रश्न मला समजला तो असा. तुमचं तळलेले पदार्थ पॅक करून विकणारं छोटं युनिट आहे, तेल सूर्यफुलाचंच लागतं कारण पाकिटावर तसं छापलंय. तुमचं म्हणणं, सूर्यफूल तर जगात कितीतरी देशांत होतं, मग काळ्या समुद्रात जरा खुट्ट झालं की भाव का उडतो, बाकीचे देश पेरा का वाढवत नाहीत, आणि या कटकटीपेक्षा वर्षभराचं तेल एकदाच बुक करून मोकळं व्हावं का.

मी खाद्यतेलाच्या दलालीत बरीच वर्षं आहे, एका बाजूला जहाजाने माल पाठवणारे आणि दुसऱ्या बाजूला रिफायनऱ्या, अशा दोघांच्या मधे बसून सौदे जुळवायचं काम. त्यामुळे उत्तर बाजाराच्या बाजूने देतोय, शेतीच्या बाजूचं जे येईल ते बियाणंवाल्यांशी आणि गाळपवाल्यांशी रोज बोलून माहीत झालेलं. आणि बुक करावं की नाही याचं सरळ हो-नाही उत्तर नाहीये, ते तुमच्या खपावर, टाकीवर आणि खेळत्या भांडवलावर आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी मूळ गोष्ट. किती देशांत पिकतं हा प्रश्नच इथे कामाचा नाही, विकायला किती जणांकडे उरतं हा आहे. जगात सूर्यफुलाचं बी वर्षाला साधारण ५ ते ५.५ कोटी टन होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त रशिया आणि युक्रेन मिळून. मग युरोपियन युनियन, म्हणजे मुख्यतः रोमानिया, बल्गेरिया, हंगेरी, फ्रान्स, स्पेन, मग अर्जेंटिना, तुर्कस्तान, चीन, कझाकस्तान वगैरे. यादी लांब दिसते पण तिच्यातून विकणारे वेगळे काढायला गेलात की ती झपाट्याने आखडते. तुर्कस्तान स्वतः भरपूर पिकवतो आणि तरी बाहेरून बी पण आणतो, तेल पण आणतो. चीनचं बरंचसं पीक पट्ट्यापट्ट्यांच्या मोठ्या बियांचं, सोलून खायचं, ते गाळपाला जातच नाही. युरोप मोठा उत्पादक आणि तितकाच मोठा गिऱ्हाईक. हे सगळं वजा करत गेलं की तेलाच्या जागतिक निर्यातीतला साधारण पाऊण हिस्सा रशिया आणि युक्रेनचा, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्याच दोन देशांचा निघतो, उरलेल्यात अर्जेंटिना आणि युरोपातले एक-दोन देश.

आता दुसरी बाजू, जी बरेच जण बघतच नाहीत. सोयाबीन दाण्याच्या रूपात जगभर फिरतं, ब्राझीलचा दाणा चीनमधे जाऊन गाळला जातो. सूर्यफुलाचं तसं नाही, बियांच्या पिकातला फार तर दहावा हिस्सा देशाबाहेर बी म्हणून जातो, बाकी सगळं पिकतं तिथेच गाळलं जातं आणि तेल बाहेर पडतं. त्याचं एक कारण अगदी साधं आहे, बी हलकं आणि फुगीर असतं. शंभर लिटरच्या मापात गहू ७५ किलोच्या आसपास बसतो, सोयाबीन सत्तरीच्या घरात, सूर्यफूल जेमतेम ४० किलो. म्हणजे जहाजाचं पोट भरलं तरी वजन भरत नाही, आणि जे भरलं त्यातही २० ते ३० टक्के टरफल, ज्याचा उपयोग बॉयलरमधे जाळायला. टरफलाचं समुद्रभाडं कोण भरणार.

दुसरं कारण सरकारी आहे. युक्रेनने १९९९ साली बियांच्या निर्यातीवर २३ टक्के शुल्क लावलं, २००१ मधे ते १७ वर आणलं आणि २००८ ला जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर दरवर्षी एकेक टक्का कमी करत १० वर आणलं. उद्देश उघड होता, बी बाहेर जाऊ नये, देशातच गाळावं. आणि ते जमलं, ओडेसा, मिकोलाइव, चोर्नोमोर्स्क या बंदरांच्या आसपास आणि आत मोठमोठे गाळप कारखाने आणि तेलाच्या टाक्या उभ्या राहिल्या. रशियाने पण तोच मार्ग धरला, बियांवर जबर शुल्क, आणि सप्टेंबर २०२१ पासून तर तेलावरही बदलतं शुल्क लावलं, सुरुवातीचं सूत्र असं की आधारभूत भाव टनाला १००० डॉलर आणि बाजार त्याच्या वर जितका जाईल त्या फरकाच्या ७० टक्के सरकारचे. पुढे हे गणित रुबलमधे गेलं पण पद्धत तीच, दर महिन्याला नवीन आकडा. तुम्हाला भाव सांगणारा माणूस महिन्याच्या शेवटी फोन उचलायला टाळाटाळ करतो ना, तो पुष्कळदा या आकड्याची वाट बघत असतो.

तर चित्र असं, की शेतं चार खंडांत पसरलेली पण विकाऊ तेल निघायचे दरवाजे अगदी थोडे. विहिरी दहा आणि रहाट एकच, तसला प्रकार. रहाट अडला की विहिरीत पाणी किती आहे याला काही अर्थ उरत नाही.

२०२२ मधे नेमकं हेच झालं, आणि तेव्हाची गंमत नीट समजून घेतलीत तर पुढच्या वेळी बातमी वाचताना गोंधळ होणार नाही. २४ फेब्रुवारीला युद्ध सुरू झालं, युक्रेनची बंदरं बंद पडली. पीक मागच्या शरद ऋतूतच निघालेलं होतं, आणि चांगलं निघालेलं होतं, गोदामात बी पडून होतं. म्हणजे माल कमी नव्हताच. तरी मार्चमधे जागतिक अन्न व कृषी संघटनेचा वनस्पती तेलांचा निर्देशांक तोपर्यंतच्या उच्चांकावर गेला, आणि त्याच वेळी युक्रेनच्या आतल्या भागात शेतकऱ्याला बियांना गिऱ्हाईक मिळेना, भाव कोसळलेला. एकच माल, एका टोकाला मातीमोल आणि दुसऱ्या टोकाला सोन्याच्या भावात, मधला फरक म्हणजे अडलेला रस्ता. मग बी ट्रकने, रेल्वेने, डॅन्यूब नदीवरच्या इझमाइल आणि रेनी या बंदरांतून रोमानिया, बल्गेरिया, हंगेरीकडे गेलं. इतकं गेलं की तिथले शेतकरी रस्त्यावर आले, आणि मे २०२३ ते १५ सप्टेंबर २०२३ युरोपियन युनियनला पाच देशांपुरती युक्रेनचा गहू, मका, मोहरीच्या जातीचं रेपसीड आणि सूर्यफूल बी यांच्यावर बंधनं घालावी लागली, माल पुढे न्यायचा तर न्या, इथे विकू नका म्हणून. २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमधे काळ्या समुद्राचा धान्य करार झाला, युक्रेनच्या बंदरांतून मालाची जहाजं जाऊ द्यायचा, पण मिकोलाइव बंदर, जिथून तेल भरपूर जायचं, ते त्या करारात नव्हतंच. १७ जुलै २०२३ ला रशिया करारातून बाहेर पडला आणि पुढच्याच महिन्यात युक्रेनने किनाऱ्याला चिकटून स्वतःचा मार्ग चालू केला. त्यानंतर तेल पुन्हा वाहायला लागलं, आणि इथे बघा, २०२३-२४ च्या हंगामात काही काळ सूर्यफूल तेल सोयातेलापेक्षा स्वस्त मिळत होतं, २०२४ च्या सुरुवातीला तर पामतेलाच्याही खाली गेलेलं. युद्ध चालू असताना. म्हणून "युद्ध आहे म्हणजे महाग" एवढ्यावर खरेदी करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

बाकीचे देश पेरा का वाढवत नाहीत, याचं उत्तर जरा शेतात जाऊन द्यावं लागेल. वाढवतात, पण हळू, आणि एका मर्यादेपर्यंतच.

सूर्यफूल मुळात कोरडवाहू जमिनीचं, कमी पावसाचं पीक म्हणून टिकलंय. मूळ दीड-दोन मीटर खोल जातं, सोयाबीनला जिथे पाणी पुरत नाही तिथे हे खालचा ओलावा ओढून उभं राहतं. म्हणून काळ्या समुद्राच्या उत्तरेची कोरडी काळी जमीन त्याला मानवली. पण जिथे पाऊस बरा आहे, जमीन बरी आहे, तिथला शेतकरी सोयाबीन किंवा मका लावतो कारण हेक्टरी पैसे जास्त सुटतात. अर्जेंटिनात हेच झालं, नव्वदच्या दशकात तो देश सूर्यफूल तेलाच्या निर्यातीत सगळ्यात पुढे होता, मग सोयाबीन आलं आणि सूर्यफूल पश्चिमेकडच्या आणि कडेकडेच्या हलक्या जमिनीत सरकत गेलं, वरून निर्यात शुल्क. आता सूर्यफुलाचा भाव वाढला म्हणून तो शेतकरी परत वळेल का, तर त्याच वेळी सोया आणि मकाही वाढलेला असेल तर नाही वळणार. तेलं एकत्र वाढतात, हा पेच आहे.

दुसरं म्हणजे रोग. सूर्यफूल त्याच शेतात वर्षाआड घेता येत नाही. स्क्लेरोटिनिया नावाची बुरशी, फुलाचं ताट सडवणारी, तिच्या काळ्या गाठी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. त्याहून वाईट म्हणजे ओरोबँकी नावाचं परजीवी तण, तंबाखूत ज्याला बंबाखू म्हणतात त्याचाच भाऊबंद, मुळाला चिकटून रस शोषतो, याचं बी धुळीसारखं बारीक आणि मातीत वीस-वीस वर्षं टिकतं. स्पेनपासून तुर्कस्तान, रोमानिया, युक्रेन, रशियापर्यंत हा सगळीकडे आहे. बियाणं कंपन्यांनी प्रतिकारक वाण काढला की काही वर्षांत बंबाखूची नवी जात येते आणि वाण हरतो, ही शर्यत अजून चालूच आहे. त्यामुळे चार-पाच वर्षांनी एकदा असा फेरपालट ठेवायचा सल्ला असतो. भावाच्या लोभाने फेरपालट मोडून पेरा वाढवलेले भाग मी बघितलेत, दोन हंगाम बरे जातात आणि मग उतारा बसतो, आणि त्या जमिनीतनं बंबाखूचं बी काढायला पुढे काही इलाज नसतो.

तिसरं, बियाणं. घरचं बी ठेवून चालत नाही. १९६९ साली फ्रान्समधे लक्लेर्क यांनी जंगली सूर्यफुलाशी संकर करून नर वांझ असलेली, म्हणजे स्वतःचे परागकण न देणारी ओळ शोधली, त्यावर सत्तरच्या दशकापासून सगळं संकरित बियाण्याचं जग उभं राहिलं. त्याआधी सोव्हिएत काळात क्रास्नोदारला पुस्तोवोइत यांनी नुसत्या निवड पद्धतीने बियांतलं तेल ३० टक्क्यांच्या आसपासवरून ५० पर्यंत नेलं होतं, ते वेगळंच मोठं काम, त्यांच्यामुळेच हे पीक धंद्याच्या लायकीचं झालं असं माझं मत. पण मुद्दा असा की संकरित बियाणं आदल्या हंगामात, इतर सूर्यफुलापासून लांब ठेवलेल्या प्लॉटवर तयार करावं लागतं. मार्चमधे भाव भडकला म्हणून एप्रिलमधे दुप्पट पेरा करायला योग्य वाणाचं बियाणं दुकानात नसतं.

आणि पक्षी. हे ऐकून लोक हसतात. पण पाच मैलांत एकट्याचंच सूर्यफुलाचं शेत असेल तर परिसरातले सगळे पक्षी त्याच्याकडे जेवायला येतात, हजारो एकर एकत्र असतील तर नुकसान विभागलं जातं. नवीन भागात सूर्यफूल रुजत नाही याचं हे फार खरं कारण आहे, सरकारी योजनांच्या कागदावर ते कधी दिसत नाही.

शिवाय पिकवलं तरी जवळ गाळपाचा कारखाना हवा. टरफल काढायची सोय, पेंडेला गिऱ्हाईक, हे सगळं लागतं. टनभर चांगल्या बियांतून ४२-४४ टक्के तेल निघतं, उरतं ती पेंड आणि टरफल. पेंडेत प्रथिनं २८ टक्के पण असू शकतात आणि ३८ पण, टरफल किती काढलं यावर. सोयापेंडेपुढे ती नेहमी दुय्यम, त्यामुळे सूर्यफूल गाळणाऱ्याची कमाई मुख्यतः तेलावर, सोया गाळणाऱ्याची पेंडेवर. यातून एक गोष्ट लक्षात घ्या: जगात कोंबड्या-डुकरांच्या खाद्याची मागणी वाढली की सोयाबीन जास्त गाळलं जातं आणि सोयातेल आपोआप जास्त येतं, कोणी मागितलं नसलं तरी. सूर्यफुलाला तसा आपोआप पुरवठा नाही. म्हणून तेलाच्या टंचाईत ते जास्त उसळतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: विकणारे थोडे, माल तेलाच्या रूपात आणि ठरावीक बंदरांतून, पेरा वाढायला वेळ लागतो. त्यात सरकारी शुल्क दर महिन्याला हलतं. म्हणून उसळी. पण वरची मर्यादा पण आहे, कारण गिऱ्हाईक पाम, सोया, रेपसीडकडे वळतं. २०२२ मधे ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने काही उत्पादकांना लेबल बदलायच्या आधीच सूर्यफुलाच्या जागी रेपसीड तेल वापरायची तात्पुरती सवलत दिली होती. आणि त्याच वर्षी २८ एप्रिल ते २३ मे इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, म्हणजे ज्याच्याकडे वळायचं तेच बंद. अशी वेळ रोज येत नाही पण आली होती हे विसरू नका.

आता तुमचं बुकिंग. वर्षभराचं तेल एकदम बुक करणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, प्रत्यक्ष तेल आणून टाकीत ठेवणं. हे करू नका. साध्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्ल (तेलातलं एक फॅटी आम्ल) ६० टक्क्यांच्या आसपास, ते हवेला लवकर बिघडतं, नायट्रोजन भरून हवा बाहेर ठेवायची सोय असलेली टाकी नसेल तर सहा महिन्यांनी तुम्ही जे तळाल त्याचा वास पाकिटात येईल. दोन, पुढच्या डिलिव्हरीचा भाव आज पक्का करणं. याचा विचार करता येईल, पण सगळ्या मालाचा नको.

का ते सांगतो. सोयातेलाला शिकागोचा वायदा (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आज ठरवायचा बाजार) आहे, पामला मलेशियाचा, रेपसीडला पॅरिसचा. सूर्यफूल बियांचा वायदा दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला चालतो पण तो तिथल्या बाजारापुरता. सूर्यफूल तेलाचा जगभर चालणारा, खोल वायदा नाही. म्हणजे तुम्हाला वर्षाचा भाव देणारा पुरवठादार स्वतःचा धोका नीट झाकू शकत नाही, फार तर सोयातेलात झाकतो आणि मधल्या फरकाची जोखीम अंगावर घेतो. त्या जोखमीचे पैसे तो तुमच्या भावात लावणार, आणि बाजार फारच वर गेला तर माल द्यायला कां-कू करणार. तेजीत हात वर करणारे पुरवठादार मी पुरेसे पाहिलेत, तेव्हा स्वस्त कागद हातात असून उपयोग नसतो.

माझ्याकडे अशी चौकशी येते तेव्हा मी साधारण असं सांगतो, की ज्या ऑर्डरींचा विक्रीभाव तुम्ही आधीच पक्का केलाय तेवढं तेल पक्कं करा, तिथे जुगार नको. त्यापुढच्या तीन-चार महिन्यांच्या खपाचा काही भाग टप्प्याटप्प्याने घ्या, शक्यतो काळ्या समुद्राचं पीक येतं तेव्हा, ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर, कारण तेव्हा गाळप जोरात आणि टाक्या भरलेल्या असतात. दरवर्षी हे जमत नाही, तिकडचा शेतकरी सूर्यफूल बँकेतल्या ठेवीसारखं गोदामात धरून ठेवतो, भाव पटला नाही तर विकत नाही, बी कोरडं असेल तर टिकतं पण छान. मग फेब्रुवारी-मार्चमधे अर्जेंटिनाचं नवं पीक येतं, ती दुसरी खिडकी. उरलेलं चालू भावाने घ्या. आणि नुसता सूर्यफुलाचा भाव बघू नका, सोया आणि पामपासून तो किती वर किंवा खाली आहे ते आठवड्याला लिहून ठेवा. फरक नेहमीपेक्षा फार ताणला गेला असेल तर लांबचं बुकिंग थांबवा, आणि सूर्यफूल सोयाच्या खाली आलं असेल तर जरा जास्त उचला.

करारात दोन ओळी तपासा. एक, मूळ देश. "युक्रेनचं" असं बांधून घेतलंत तर बंदर बंद पडल्यावर पुरवठादार सुटतो, "कोणत्याही देशाचं" असं असेल तर माल द्यायची जबाबदारी त्याच्यावर राहते, टनामागे थोडे जास्त गेले तरी मी दुसरं घेईन. दोन, तेलाचा प्रकार. तुम्ही तळता, तर ओलेइक आम्ल ८० टक्क्यांच्या वर असलेलं हाय ओलेइक तेल तुम्हाला जास्त तळण्या देईल, १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात निघालेल्या एका वाणापासून हे आलंय, हे जीएम, म्हणजे बाहेरून जनुक घालून केलेलं नाही. महाग आहे, पण किलोच्या भावावर नाही, कढईच्या एका भरणात किती माल तळून निघतो त्यावर हिशोब करा. दर लॉटला फॅटी आम्लांचा रिपोर्ट मागा, कारण नुसत्या रंगा-वासावरून साधं आणि हाय ओलेइक वेगळं ओळखता येत नाही, आणि मधेच टाकी बदलताना दोन्ही मिसळली गेली असं सर्रास होतं.

सगळ्यात स्वस्त विमा मात्र पाकिटावरची ओळ आहे. पुढची छपाई करताना तुमच्याकडचे लेबलचे नियम परवानगी देत असतील तर पर्यायी तेलाची सोय त्यात करून ठेवा, नसतील तर निदान एका उत्पादनाचं वेगळं पाकीट तयार ठेवा. महिन्याला तेल किती लागतं, टाकी किती टनांची आणि तुम्ही दुकानदारांना किती दिवसांचा भाव बांधून देता हे तीन आकडे दिलेत तर किती टक्के पक्कं करावं हे जरा नेमकं सांगता येईल.